बिलो डेक: श्रीमंतांच्या बोटीत खालच्या मजल्यावर कोण राहतं?

लोकलमध्ये दाराशी लटकून ऐकणाऱ्यांचं आणि घरी भांडी घासत ऐकणाऱ्यांचंही स्वागत. आज विषय तुम्हीच दिलाय. गेले दोन महिने मेसेज येतायत, "ताई, बिलो डेकवर बोला ना." आणि त्यातल्या चार-पाच जणांनी खाली हळूच विचारलंय, "अशी नोकरी आपल्याला मिळू शकते का?" दोन्ही प्रश्न घेऊ. पण आधी शो.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी. 'बिलो डेक' हा अमेरिकेतल्या ब्राव्हो चॅनेलचा रिअ‍ॅलिटी शो. जुलै २०१३ मध्ये सुरू झाला, पहिला सीझन कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावर. एक भलीमोठी लक्झरी यॉट, ती दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने घेणारे श्रीमंत पाहुणे, आणि त्यांची सरबराई करणारा क्रू. पाहुणे जातात, नवे येतात. क्रू तोच. साधारण दीड महिन्यात अख्खा सीझन शूट होतो. पुढे याला पोरंबाळं झाली: 'मेडिटरेनियन', 'सेलिंग यॉट', 'डाउन अंडर'. सेलिंग यॉटवाला माझा लाडका, कारण शिडं उभारली की बोट तिरकी होते आणि किचनमधली भांडी घसरत जातात. तिथे शेफचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आता तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? आपल्याकडे बिग बॉस आहेच की. पण फरक बघा. बिग बॉसमध्ये माणसांना घरात कोंडतात आणि हातातलं सगळं काढून घेतात. फोन नाही, घड्याळ नाही, करायला काही नाही. रिकामी माणसं भांडणारच. बिलो डेकमध्ये बरोब्बर उलटं. इथे भांडायलाही वेळ नाही, इतकं काम आहे. भांडण होतं ते इस्त्री कोणी करायची यावरून. रात्री दोनला पाहुण्यांना गरम पाण्याच्या टबात बसायचंय तर तिथे उभं कोण राहणार, यावरून. ज्याने कधी हॉटेलात, केटरिंगमध्ये, कॉल सेंटरला शिफ्ट केलीय, त्याला हे भांडण लगेच कळतं. ड्यूटी लावताना कोणाला झुकतं माप मिळालं, हे जगात सगळीकडे सारखंच.

बोटीवर उतरंड पक्की असते. वर कॅप्टन. आतलं बघणाऱ्यांची मुख्य ती चीफ स्टू, तिच्या हाताखाली दुसरी, तिसरी. बाहेर डेकवर बोसन आणि त्याचे डेकहँड. शेफ एकटा, आणि कायम तापलेला. तिसरी स्टू म्हणजे सगळ्यात धाकटी सून म्हणा ना. तिचा अख्खा सीझन खालच्या लाँड्रीत जातो. कॅमेरा वर समुद्र दाखवतो, निळाशार, आणि कट करून खाली येतो तर ही पोरगी चादरीला इस्त्री करतेय. तिच्या वाट्याला समुद्र जवळजवळ नाहीच.

आणि एक माणूस तर फारसा दिसतच नाही: इंजिनियर. एसी चालू, जनरेटर चालू, पाणी गरम, म्हणजे खाली कोणीतरी आहे. पण इंजिन रूममधला माणूस ना पाहुण्यांशी बोलतो, ना प्रेमात पडतो, मग कॅमेरा तिकडे जाईल कशाला? सेलिंग यॉटमधला कॉलिन हा त्याला अपवाद, म्हणून तो सगळ्यांना आवडला असावा.

दुसऱ्या सीझनपासून केट चॅस्टेन आली आणि शोला चेहरा मिळाला. एका पाहुण्याच्या वागण्याला वैतागून तिने त्याच्या पलंगावर ब्लँकेटची अशी घडी घातली की... जाऊ दे, घरचे पण ऐकत असतील. तिचं म्हणणं, ते रॉकेट होतं. इतकंच सांगते की ते रॉकेट नव्हतं. पण मला त्यात गंमत वेगळीच वाटते. तोंडावर हसू ठेवून, हातातल्या कामातूनच राग काढायचा. ज्याला उलटून बोलता येत नाही, त्याची ही जुनी रीत.

प्रत्येक ट्रिप संपली की टिपची मीटिंग. मुख्य पाहुणा कॅप्टनच्या हातात पाकीट देतो, कॅप्टन सगळ्यांना टेबलाभोवती बसवतो आणि आकडा सांगतो. रक्कम सारखी वाटली जाते. म्हणजे समजा अठरा हजार डॉलर आले आणि नऊजण आहेत, तर शेफलाही दोन हजार आणि लाँड्रीतल्या पोरीलाही दोन हजार. या एका मीटिंगसाठी मी हा शो बघते, खरं सांगू तर. दोन दिवस ज्यांची बोलणी खाल्ली, त्यांनी आपली किंमत किती लावली, हे सगळ्यांसमोर कळतं. कधी सगळ्यात त्रासदायक माणूस सगळ्यात जास्त देऊन जातो, आणि गोड बोलणारे हात आखडतात. पैसे हातात पडल्यावर क्रूचे चेहरे बदलतात ना, ते कोणाला लिहून देता येणार नाहीत.

पण टिपच्या आधी झोप. माझा मामेभाऊ, मालवणचा, क्रूझ शिपवर हाउसकीपिंगला आहे. सुट्टीवर आला तेव्हा त्याला मी सलग तीन भाग दाखवले. मला वाटलं होतं तो पाहुण्यांना हसेल. तो एकदाही हसला नाही. तिसऱ्या भागात म्हणाला, "अगो, ह्येंका निजाक कधी गावता?" तेव्हापासून मी शो बघताना घड्याळ बघायला लागले. पार्टी रात्री तीनला संपते, आणि सकाळी सातला तीच मुलगी नाश्ता लावतेय.

याचा नियम आहे बरं का. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, २००६ चा, लागू झाला ऑगस्ट २०१३ मध्ये. म्हणजे शो सुरू झाला त्याच्या पुढच्याच महिन्यात, हा योगायोग. भारतानेही तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात साधारण असं आहे की चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, आठवड्यात सत्याहत्तर तास. ती विश्रांती दोनपेक्षा जास्त तुकड्यांत तोडायची नाही, आणि त्यातला एक तुकडा निदान सहा तासांचा हवा. भाड्याने चालणाऱ्या यॉटही यात येतात. आता पुन्हा ती तीन ते सातची रात्र आठवा.

थकलेल्या माणसाच्या हातून काय होऊ शकतं? अमुक अपघात थकव्यानेच झाला असं मी म्हणत नाही, पण समुद्र दुसरी संधी देतोच असं नाही. सहावा सीझन, ताहिती. यॉटच्या मागे छोटी बोट ओढून नेत होते. त्या दोराचा फास अ‍ॅश्टन नावाच्या डेकहँडच्या पायात अडकला आणि तो क्षणात पाण्यात ओढला गेला. तेव्हा शूट करणाऱ्या कॅमेरामनने कॅमेरा टाकला आणि धावत जाऊन दोर सैल केला. पाय वाचला, जीवही वाचला. इतकी वर्षं जो माणूस 'नाहीच' असं आपण धरून बसलो होतो, तो अचानक फ्रेममध्ये आला.

दुसऱ्यांदा असं झालं ते 'डाउन अंडर'च्या दुसऱ्या सीझनमध्ये, २०२३ साली. सुट्टीची रात्र, सगळे प्यायलेले. एक मुलगी तिच्या केबिनमध्ये झोपली होती आणि बोसन कपडे न घालता तिच्या बिछान्यात शिरला. प्रॉडक्शनच्या लोकांनी पुढे होऊन त्याला बाहेर काढलं. कॅप्टन जेसनने त्याच रात्री त्याला बोटीवरून उतरवलं आणि कामावरून काढलं. त्याच सीझनमध्ये एका स्टूलाही नकार न ऐकता एका सहकाऱ्याच्या मागे लागल्याबद्दल घरी पाठवलं.

हे दाखवावं की कापावं, यावर खूप वाद झाले. माझं मत, दाखवलं ते बरं केलं. झोपलेल्या माणसाची संमती नसते हे इतकं सरळ कुठल्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये मी बघितलं नव्हतं. पण एक गोष्ट मला टोचते. दारूच्या रात्री हाच या शोचा मसाला आहे. वर्षानुवर्षं त्याच रात्रींवर प्रोमो बनले. मग एका रात्री मर्यादा ओलांडल्यावर सगळ्यांना धक्का बसतो. आणि कॅमेरा नसलेल्या खऱ्या यॉटवर, बंकबेडच्या त्या एवढ्याशा केबिनमध्ये, मधे पडायला कोण असणार?

आता तुमचा दुसरा प्रश्न. नोकरी.

शोमधली मुलं बहुतेक अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेची. फ्रान्सच्या अँटिब किंवा फ्लोरिडाच्या फोर्ट लॉडरडेलला धक्क्यावर बोटीबोटीपाशी जाऊन काम विचारायची तिकडे पद्धत आहे. आपल्या पासपोर्टवर तिथे नुसतं पोचायलाच आधी व्हिसा लागतो, आणि टूरिस्ट व्हिसावर काम करणं कायद्यात बसत नाही. मग हा रस्ता बंद का? नाही. गोवा-कोकणातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर जातायत. मुंबईत धोबी तलावच्या आसपास गोव्याच्या खलाशांचे कूड आहेत, ते उगाच नाही. पण पहिला दरवाजा यॉटचा नसतो. बहुतेक वेळा तो क्रूझचा असतो, आणि त्याआधी एसटीसीडब्ल्यूचे सुरक्षेचे कोर्स, सीडीसी आणि मेडिकल.

आणि हे नीट ऐका, एका श्रोत्याला 'यॉट जॉब'साठी एका एजंटने दीड लाख मागितलेत. मंडळी, नोकरी लावून दिल्याचे पैसे खलाशाकडून घ्यायचे नाहीत, हे त्याच करारात लिहिलंय. मेडिकल, सीडीसी, पासपोर्ट यांचा खर्च तुमचा असू शकतो. व्हिसाचा खर्च मालकाचा. म्हणजे कोणी 'व्हिसा प्रोसेसिंग' म्हणून रक्कम मागितली की तिथेच फोन ठेवायचा. भारतात भरती करणाऱ्या एजंटकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना हवा, आणि परवाना असलेल्यांची यादी त्यांच्या साइटवर असते. नाव यादीत नाही? मग ऑफिस कितीही चकाचक असू दे. त्या श्रोत्याला मी हे कळवलंय, त्याने अजून पैसे दिलेले नाहीत.

शेवटी, कुठून बघायला सुरुवात करू असं विचारणाऱ्यांसाठी. पहिला सीझन नंतर बघा. दुसऱ्यापासून चालू करा, केटसाठी. नाहीतर सेलिंग यॉटचा दुसरा सीझन, क्रोएशियातला. त्यात बोट थेट धक्क्यावर आपटते, आणि त्यानंतरचा कॅप्टन ग्लेनचा चेहरा बघा. पुढच्या आठवड्यात भेटू. मामेभाऊ परत बोटीवर गेलाय, नेटवर्क मिळालं तर त्यालाच बोलावते.