तराजू, रूळ आणि समाजव्यवस्था



यंत्र निर्जीव असते, त्याला आपपरभाव नसतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु यंत्र कोठे बसवावे, ते कोणी वाचावे आणि कोणी तपासावे, हे माणसे ठरवितात. तेथेच तंत्रज्ञानात राजकारण प्रवेश करते.

लासूर स्टेशन हे नावच याची साक्ष आहे. शिवनाकाठचे लासूर गाव जुने. स्टेशन ही मात्र लोहमार्गाची देणगी. निजामाच्या राज्यातील मनमाड-सिकंदराबाद मार्ग 1900 च्या सुमारास सुरू झाला, तो मीटर गेजचा. मुंबईचा मार्ग ब्रॉडगेज असल्याने मनमाडला माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. दोन रुळांमधील अंतर हा वरवर पाहता अभियंत्यांचा प्रश्न. पण त्यातून उद्भवणारी हमाली, नासाडी आणि विलंब यांचा भार मराठवाड्याने अनेक दशके सोसला. म्हणूनच गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या नेत्यांनी रुंदीकरणाची मागणी प्रदेशाच्या न्याय्य हक्काची मागणी म्हणून लावून धरली. 1990 च्या दशकात ती फळाला आली.

मोंढ्याचा इतिहासही हेच सांगतो. पूर्वी अनेक बाजारांत रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत. माल शेतकऱ्याचा, पण त्याचा भाव शेतकऱ्यालाच दिसत नसे. 1928 मध्ये शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. हैदराबाद संस्थानात 1930 मध्ये आणि महाराष्ट्रात 1963 मध्ये बाजारविषयक कायदे झाले. रुमालाची जागा उघड लिलावाने घेतली. येथे कोणतेही नवे यंत्र आले नव्हते. केवळ झाकलेले उघडे झाले आणि बाजारातील सत्तेचा तोल बदलला.

वजनमापांचेही तसेच. शेर आणि मण गावोगावी भिन्न असत, आणि ज्याला हिशेब येई त्याचे पारडे जड राही. 1956 चा कायदा होऊन 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आले, तेव्हा घेणारा आणि देणारा यांच्या हाती प्रथमच एकच कोष्टक आले.

आज इलेक्ट्रॉनिक काटा ग्रॅमपर्यंत वजन दाखवितो. परंतु त्याचे आकडे केवळ मापाड्याकडे वळलेले असतील, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने तो रुमालच होय. 14 एप्रिल 2016 रोजी सुरू झालेल्या ई-नाम या राष्ट्रीय कृषी बाजार योजनेमुळे दूरचा व्यापारीही बोली लावू शकतो. मात्र न पाहिलेल्या मालावर बोली लावायची तर प्रतवारी विश्वासार्ह हवी. प्रतवारी करणारा कोणाला उत्तरदायी आहे, हा प्रश्न संगणक सोडवीत नाही. तो समाजालाच सोडवावा लागतो.

जैन परंपरेने अचौर्य व्रताच्या अतिचारांत 'हीनाधिकमानोन्मान' याची गणना केली आहे: देताना कमी आणि घेताना अधिक मापणे. व्यापारी समाजाने आपल्या व्यवसायातील मोहाचे नाव घेऊन त्याला दोष ठरविले, ही थोर गोष्ट होय. परंतु व्रत व्यक्तीला बांधते, बाजाराला नव्हे. शंभर प्रामाणिक आडत्यांमधील एकाची लबाडीही सर्वांवर संशय आणते. म्हणून सचोटीला व्यवस्थेची जोड हवी: नियमित पडताळणीचा शिक्का असलेला काटा, शेतकऱ्याला दिसतील असे आकडे, त्याला वाचता येईल अशी मराठी पावती आणि फेरवजन मागण्याचा निर्विवाद हक्क.

अशा तपासणीने प्रामाणिक व्यापाऱ्याचे काहीही जात नाही. उलट त्याच्या शब्दाला साक्षीदार मिळतो. रेल्वेने लासूर स्टेशनला पेठ दिली. त्या पेठेची पत मात्र माणसांनीच राखायची आहे. पुढे येणारे प्रत्येक नवे यंत्र स्वीकारताना त्याचा वेग विचारावा, किंमतही विचारावी. पण सर्वांत आधी ते दुर्बलाला तपासता येते काय, हे विचारावे.

जय जिनेंद्र.