वाफसा आल्यावर पेरणी

वेळ मोजकाच आहे, म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. मनावरच्या आघातासाठी चालू असलेली गोळी आपल्या मनानं बंद करू नका. हे मी पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नका. का, ते एका उदाहरणातून सांगते.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, पहाटे चारच्या सुमाराचा. आदल्या संध्याकाळीच गणपती बोळवलेले. माळवदाखालून वाचलेली कितीतरी माणसं पुढे घरात झोपेनात, अंगणात बाज टाकून पडायची. तिकडचे एक काका बऱ्याच वर्षांनी माझ्याकडे उपचाराला आले. मिरवणुकीचा ढोल कानावर पडला की घामानं भिजायचे. सर्ट्रालिन हे औषध सुरू केलं. दुसऱ्याच आठवड्यात म्हणाले, "बाई, काही गुण नाही." अहो, ही औषधं लागू पडायला चार-सहा आठवडे जातात! पुढे झोप लागू लागली. मग समुपदेशकानं त्यांच्या हाती हलगी दिली. आवाज तोच, पण आता कधी वाजवायचं आणि कधी थांबायचं ते काकांच्या हातात. चेहरा खुलला. आणि खुलल्याबरोबर काकांनी गोळ्या फेकल्या! चक्कर, चिडचिड, पुन्हा रात्रभर जागरण.

शेतकऱ्याला मी काय सांगणार? पाऊस पडला म्हणून कुणी लगेच तिफण धरत नाही. चिखलात बी कुजतं. वाफसा यावा लागतो. गोळी वाफसा आणते. पण नुसत्या वाफशावर पीक येतं का? पेरावं लागतं. ती पेरणी म्हणजे त्या रात्रीबद्दल जाणकारासमोर हळूहळू बोलणं. या मानसोपचाराचा पुरावा आज सर्वांत भक्कम आहे. शब्दच फुटत नसतील तिथे चित्र, माती, वाद्य, नाटक उपयोगी पडतं. अमेरिकेत वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात युद्धावरून आलेले सैनिक मुखवटे रंगवतात, मग त्या मुखवट्याबद्दल बोलू लागतात. मात्र कलोपचारावरचे अभ्यास बहुतेक लहान आहेत, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर औषध सोडू नये. एखाद्याची जमीन मुळातच निचऱ्याची असते, तिथे गोळीवाचून भागतं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, जावेनं नाही!

आणि जावेचीच झोपेची गोळी मागून घेणाऱ्यांनो, ऐका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी त्या रात्रीपुरतं बरं वाटतं, पण आघाताचा आजार हटत नाही, वर सवय लागते.

टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवा, फुकट आहे, मराठीत बोलतात. हलगी वाजवा, रांगोळी काढा, भजनाला बसा. गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच, हळूहळू कमी करायची. सांगितलं ना पुन्हा?