गर्भस्राव : दोष कोणाचा?

चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेल्यास सुश्रुतानें त्यास गर्भस्राव म्हटलें, आणि पांचव्या-सहाव्या महिन्यांत गेल्यास गर्भपात. शब्द इतके जुने. परंतु अशा प्रसंगीं घरांतील माणसांनीं कसें वागावें, हें अद्यापि पुष्कळांस उमगलेलें नाहीं.

एखाद्या घरीं सुनेला दिवस गेल्याची वार्ता नुकतीच कळलेली असते. एके दिवशीं रक्त दिसतें, ओटीपोटांत व कंबरेंत कळा येतात, आणि सारें संपतें. लागलीच चौकशी सुरू होते : "पपई खाल्लीस का ग? कळशी कुणी उचलायला सांगितली होती?" ती बिचारी मान खालीं घालून ऐकते, आणि पुढें कित्येक महिने स्वतःच्या चुका मोजीत बसते.

वैद्यकशास्त्र निराळें सांगतें. निश्चित झालेल्या शंभर गर्भधारणांपैकीं सुमारें १० ते २० अशा रीतीनें संपतात. त्याही बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांत. यांपैकीं निदान निम्म्या प्रसंगीं कारण असतें गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष. तो बहुधा गर्भधारणेच्या वेळींच, केवळ यदृच्छेनें घडतो. नित्याच्या घरकामानें किंवा जिना चढल्यानें तो उत्पन्न होत नाहीं.

रक्त दिसलें म्हणजे गर्भ गेलाच, असेंही नाहीं. कित्येकींचे महिने पुढें सुखरूप भरतात. म्हणून तर्क न लढवितां डॉक्टरांस दाखवावें. सोनोग्राफी व रक्ततपासणी यांवरून काय तें ठरतें. मात्र तासाभरांत दोन पॅड भिजतील इतका रक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, घेरी, अथवा पोटाच्या एका बाजूस वा खांद्याशीं तीव्र वेदना असल्यास मध्यरात्रींही रुग्णालय गांठावें. गर्भ नलिकेंत रुजला असेल, तर विलंब प्राणावर बेततो. रक्तगट आर-एच निगेटिव्ह असल्यास इंजेक्शनाची आवश्यकता आहे काय, हेंही लागलीच विचारावें. तें ७२ तासांच्या आंत द्यावयाचें असतें.

शरीर लवकर सावरतें. रक्तस्राव बहुधा एक-दोन आठवड्यांत थांबतो; पाळी चार ते आठ आठवड्यांत परत येते. मनाला अधिक अवधि लागतो, आणि पतीच्याही मनाला लागतो. झोप व अन्नावरील वासना आठवडेच्या आठवडे उडाली, तर त्यासाठींही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गर्भस्राव पुनःपुन्हा झाल्यास दोघांची तपासणी व्हावी, एकट्या सुनेची नव्हे.

कायद्याच्या अटींत बसणाऱ्या नोकरदार स्त्रीस अशा वेळीं सहा आठवड्यांची सवेतन रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानें दिली, व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतही ती कायम आहे. घरीं राबणाऱ्या सुनेची रजा मात्र घरच्यांनींच मंजूर करावयाची. सासूबाईंनीं तिच्या हातांतील काम काढून घ्यावें आणि म्हणावें, "यांत तुझा कांहीं दोष नाहीं हो, पोरी. पड जरा." चौकशीच्या जागीं एवढे शब्द आले, तरी तिचें निम्में ओझें उतरेल.