“पक्कं घर मिळालं, मग रडता कशाला?”

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पुनर्वसनाच्या इमारतीतली बाई आपल्याशी बोलता बोलता मध्येच थांबते आणि म्हणते, “जाऊ दे ताई, घर तर मिळालं ना!” तिथे आपणही थांबतो. आज त्या वाक्याच्या पुढे जाऊ या.

मुंबईत तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंचा दहा-दहा मीटरचा पट्टा मोकळा करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २००९ साली दिला. पुढे २०१७ पासून विद्याविहार, घाटकोपर भागातल्या हजारो कुटुंबांना माहुलच्या सात मजली इमारतींत, २२५ चौरस फुटांच्या घरांत पाठवलं गेलं. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. इथल्या हवेमुळे आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच म्हटलं होतं. दमा, खोकला, त्वचेचे विकार यांवर बोललं गेलं, ते हवंच होतं. मनाच्या दुखण्याची चौकशी मात्र कुणी केली नाही.

दुसऱ्या एका पुनर्वसन वसाहतीत मला भेटलेली एक बाई धुणीभांडी करायची. जुन्या गल्लीत नवऱ्याने हात उगारला की पलीकडची म्हातारी पत्र्यावर लाटणं आपटायची. तेवढ्याने तो थांबायचा. कामावर जाताना पोरगी तिच्याकडेच असायची. नव्या इमारतीत घरं सोडतीने मिळाली. म्हातारी गेली दुसऱ्याच इमारतीत. ही म्हणाली, “इथं दार लागलं की आत काय चाललंय, कुणाला कळत नाही. कुणाचं दार वाजवू? नावंसुद्धा ठाऊक नाहीत.” तिची कामं सुटली, झोप गेली. घरचे म्हणतात, हिला सुख बोचतं!

जुनी वस्ती स्वर्ग होती, असं मी म्हणत नाही. संडासची रांग, पाण्यावरची भांडणं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण बाईची सुरक्षितता, तिची भिशी, तिचं पाळणाघर त्या शेजारावरच उभं होतं. अमेरिकेत बोस्टन शहरातली एक जुनी वस्ती पाडल्यावर मार्क फ्राइड या मानसशास्त्रज्ञाने तिथल्या विस्थापितांचा अभ्यास केला. घर गमावण्याचं दुःख मृत्यूनंतरच्या शोकासारखं असतं, असं त्याने १९६३ साली लिहिलं. आपल्या पाहणीच्या फॉर्ममध्ये मात्र भिंती, पत्रे, पुरावे यांना रकाने असतात. या शोकाला नाही.

माहुलला जायला नकार देणाऱ्या बाया २०१८-१९ मध्ये विद्याविहारला फुटपाथवर बसल्या, त्या एकत्रच. एकेकटीने ते झालं नसतं.

म्हणून मागणी करू या: शेजाऱ्यांना गटाने, एकाच इमारतीत घरं द्या. घराच्या कागदावर बाईचं नाव हवं. आणि स्थलांतरानंतर पहिले काही महिने दर मजल्यावर बायकांची बैठक घेणं, हे काम आपलं.

एखादी रडू लागली तर “घर मिळालं ना” असं म्हणू नका. तिला विचारा, “तिकडे तुझ्या शेजारी कोण राहायचं?” मग ती बोलेल.