माध्यमिक शाळेत शेतीचे शिक्षण
(जासई येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



जासईसारख्या गावी आम्ही शेतीच्या शिक्षणाचा विषय घेऊन उभे राहिलो, हे पाहून काहींच्या मुखावर स्मित उमटले आहे. ते साहजिकच होय. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, मागोमाग भूसंपादन आले, पुढे न्हावा-शेवा बंदर झाले. ज्या परिसरात भाताचे चिखल तुडविले जात, तेथे आज कंटेनरच्या रांगा उभ्या आहेत. जमीन गेल्यावर शेतीची शाळा कशाला? आमचे उत्तर असे की, जमीन होती तेव्हा ती शाळा नव्हती, आणि त्याची किंमत आम्ही मोजली.

घरचीच गोष्ट सांगतो. संपादनाची नोटीस आली तेव्हा आम्ही मॅट्रिक झालो होतो. वडिलांनी कागद मोठ्या विश्वासाने आमच्या हाती दिला. मोगल बादशहांची वंशावळ आम्हांस मुखोद्गत होती. परंतु फेरफार कशास म्हणतात, सातबाऱ्यावर कोणाचे नाव कोठे असावयास हवे, हरकत किती मुदतीत घ्यावयाची, याचा आम्हांस गंधही नव्हता. वडील काही बोलले नाहीत. कागदाची घडी करून त्यांनी तो बंडीच्या खिशात ठेवला. पुढे मोबदला आला आणि दोन लग्नांत संपला.

ही उणीव महात्मा फुल्यांनी फार पूर्वी ओळखली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी गावच्या शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, शक्य तेथे शाळेला लहानसे नमुना शेतही जोडावे, असे सुचविले होते. अमेरिकेत १९१७ च्या कायद्याने माध्यमिक शाळांतील शेतीशिक्षणास सरकारी पैसा मिळू लागला, आणि १९२८ साली अशा विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली. तेथील मुलगा वर्गात शिकतो, घरी स्वतःचे पीक वा जनावर सांभाळून त्याचा जमाखर्च लिहितो, आणि संघटनेत सभा चालविण्यास शिकतो. पीक, हिशोब आणि सभा या तिन्ही गोष्टी एकत्र शिकविल्या जातात, हे आम्हांस विशेष वाटते.

आमच्या आगरी समाजास हे परके नाही. खारजमिनीचे बांध राखण्यासाठी आपल्या वाडवडिलांची ‘जोळ’ होती. उधाणाच्या भरतीने बांधास खांड पडली की घरटी माणूस मातीचे ढेकूळ घेऊन धावे. उघाडी केव्हा उघडावयाची, कोणाच्या वाट्यास किती काम, जो आला नाही त्याचे काय, हे सारे तेथेच ठरे. पुढारीपणाची याहून चांगली शाळा कोणती? याच जासईचे दि. बा. पाटील वकील झाले, आमदार-खासदार झाले. १९८४ च्या जानेवारीत शेतकरी त्यांच्यामागे उभे राहिले, पाच जण हुतात्मे झाले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पदरात पडले. परंतु प्रत्येक पिढीत दिबा जन्मास येतीलच असे धरून चालता येत नाही.

शिवाय सर्वच जमीन गेलेली नाही. पेण-अलिबागकडे आपल्या सोयऱ्यांची शेते आहेत. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत टिकणारे भाताचे वाण दिले आहेत. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. २००२ च्या कायद्याने शेतकऱ्यांस स्वतःची उत्पादक कंपनी काढता येते. मात्र कंपनीस ताळेबंद लागतो, सभेचे इतिवृत्त लागते. ते लिहिणारा मुलगा आपल्या घरात आहे काय?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायशिक्षणास वाव दिला आहे. आपल्या भागातील शाळांच्या चालकांस आपण भेटावे, आणि आठवीपासून आठवड्यास निदान दोन तास या विषयास मागावेत. नमुना शेतास जागा नसेल तर गच्चीवर पालेभाजी लावावी. मुलांनी सातबारा, फेरफार आणि बँकेचे पासबुक वाचावे, वर्षातून एक सभा स्वतः चालवावी. मुलींना यातून वगळू नये. खाडीची मासळी आणि मळ्यातली भाजी बाजारात नेऊन हिशोब राखला तो बहुधा आपल्या आयाबहिणींनीच.

आपले मंडळ दरवर्षी गुणवंतांस पारितोषिके देते. पुढील वर्षापासून एक पारितोषिक पिकाच्या उत्तम हिशोबवहीसाठी असावे, अशी आमची सूचना आहे. पहिल्या वर्षीची रक्कम आम्ही आजच खजिनदारांच्या स्वाधीन करीत आहोत.