चाकातील हवा आणि पोडलाशेचे रस्ते



पोलंड देशाच्या ईशान्य कोपऱ्यात पोडलाशे नावाचा जो प्रांत आहे, त्यातील खडीमुरमाच्या रस्त्यांवरून होणाऱ्या सायकलप्रवासाविषयी मी आज आपल्याशी बोलावे, अशी या नभोवाणी केंद्राच्या अधिकाऱ्यांची आज्ञा आहे, आणि ती मी शिरसावंद्य मानतो. परंतु मिळालेली मिनिटे मोजकी आहेत. शिवाय मध्येच कुकरची शिट्टी झाली किंवा दारावर कोणी आले म्हणून आपण उठून गेलात, तर मुख्य गोष्ट ऐकायची राहून जाईल, म्हणून ती प्रारंभीच सांगून टाकतो. चाकात हवा कमी भरा. ज्यांना उठावयाचे असेल त्यांनी आता खुशाल उठावे. बाकीच्यांसाठी सविस्तर सांगतो.

शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पोलंडात गेलेली आपली मुले सुट्टी लागली की सायकल घेऊन निघतात, आणि निघताना हाती पंप घेऊन, चाक दगडासारखे टणक होईपर्यंत हवा भरतात. टायरच्या कडेला छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, पण ही मंडळी तो सरकारी हुकूमनामा समजून अक्षरशः पाळतात. डांबरी रस्त्यावर हे एक वेळ खपून जाईल. पोडलाशेत मात्र डांबर सोडून आत वळले की पायाखालची भूमीच निराळी आहे. उत्तरेकडून, स्कँडिनेव्हियाच्या दिशेने, हजारो वर्षांपूर्वी जी हिमचादर दक्षिणेस सरकत आली, तिने वाटेतले खडक खरवडून, घासून, गोटे करून येथवर वाहून आणले, आणि बर्फ वितळल्यावर वाळू, रेती, खडी आणि धोंडे असा सारा संसार येथेच टाकून दिला. तेथील शेतकरी पिढ्यानुपिढ्या शेतातले गोटे वेचून बांधावर रचीत आला आहे. त्याच गोट्यांनी घरांचे पाये भरले गेले, त्याच गोट्यांची जुनी गोटेबंद वाट झाली, आणि खाणीतून निघणारी खडी पसरून खेड्याखेड्यांना जोडणारे रस्ते झाले. म्हणजे या प्रांताचा रस्ता हा त्याच्या भूगर्भाचाच वर आलेला भाग आहे, आणि तो एका दिवसात चार वेळा तरी बदलतो: येथे घट्ट दाबलेली खडी, पुढे गोटे, पाइनच्या झाडीत शिरताच घोट्याइतकी भुसभुशीत वाळू, आणि जेथे मोटारी वेगाने जातात तेथे रस्त्यावर उठलेल्या आडव्या लाटा, ज्यांच्यावरून जाताना दात वाजतात.

अशा रस्त्यावर टणक चाक काय करते, ते पाहा. प्रत्येक खड्यावर ते उडी मारते, आणि उडी मारताना सायकल, सामान व स्वार या सर्वांना उचलते. हे उचलण्याचे श्रम आपल्याच पिंढऱ्यांतून जातात, आणि पुढे जाण्याच्या हिशेबात त्यांची जमा शून्य. थोडे मऊ चाक मात्र खड्याला आपल्या पोटात घेते व पुढे जाते. वाळूत तर टणक चाक सुरीसारखे रुतते, आणि मऊ चाक पसरून वर तरंगते.

आमच्या भगिनीवर्गाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण भाकरीचे पीठ मळताना त्या हेच शास्त्र रोज आचरतात. पीठ घट्ट मळले की थापताना भाकरीच्या कडा चिरतात. सैल झाले की ते परातीला आणि हाताला चिकटून बसते. पाणी किती घालावे याचा आकडा कोणी विचारत नाही, कारण नव्या ज्वारीच्या पिठाला एक प्रमाण, आणि विरी गेलेल्या जुन्या पिठाला दुसरे, त्याला तर आधणाचे पाणीच हवे. अंगठा दाबून पाहायचा, आणि हात सांगेल ते ऐकायचे. चाकाचेही तसेच. पुढच्या चाकावर भार कमी, मागच्यावर अधिक, म्हणजे एकाच सायकलीवर दोन प्रकारची पिठे आहेत असे समजा, आणि मागच्यात दोन-तीन पाउंड अधिक ठेवा. पाऊस पडून गेला की वाळूही मळलेल्या पिठासारखी धरून राहते, तेव्हा थोडी अधिक हवा चालते. कोरड्या वैशाखासारख्या दिवसांत ती पुन्हा कमी करावी लागते. तरीही आकड्यावाचून ज्यांचे समाधान होत नाही त्यांच्यासाठी सांगतो, की 40 ते 45 मिलिमीटर रुंदीचा टायर आणि मध्यम वजनाचा स्वार असेल तर 30 ते 35 पाउंड हवा पुष्कळ झाली. आत ट्यूब असेल तर याहून फार खाली जाऊ नये; नाहीतर रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटून तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. ट्यूबलेस असेल तर आणखी थोडी मोकळीक आहे.

आता रस्त्यांकडे वळतो. पूर्व पोलंडाच्या पाच प्रांतांतून सुमारे 2,000 किलोमीटर जाणारा ग्रीन व्हेलो नावाचा एक मोठा सायकलमार्ग 2015 साली खुला झाला. त्याच्या नारिंगी पाट्या पोडलाशेतही जागोजाग दिसतात. मार्ग उत्तम आहे, विसाव्याच्या जागा आहेत, चुकण्याची भीती कमी. परंतु केवळ पाटीमागून पाटी शोधीत जाणाऱ्यास हा प्रांत अर्धाच दिसतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्याविस्टोक शहरी, जेथे 1859 साली एस्पेरांतो भाषेचा जनक झामेनहोफ जन्मला, आगगाडीतून सायकलीसह उतरावे, आणि सुप्राश्लच्या दिशेने निघावे. तेथील सनातनी ख्रिस्ती मठातील जुने देवालय 1944 साली माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने सुरुंगाने उडविले होते. आज ते पुन्हा उभारलेले दिसते. सुप्राश्लच्या पुढे क्निशिनचे अरण्य लागते, आणि खरी मौज येथे सुरू होते. पोलंडात वनखात्याच्या रस्त्यांवर, विशेष पाटी लावून परवानगी दिलेली नसेल तर, खाजगी मोटारींना मज्जाव आहे, सायकलीला नाही. त्यामुळे मैलोगणती खडीच्या रस्त्यावर लाकडे वाहणारा एखादा ट्रक सोडला तर आपल्याला भोंगा वाजवून बाजूला सारणारे कोणी भेटत नाही. मात्र वणव्याची भीती वा वृक्षतोड असेल तेव्हा प्रवेशबंदीची पाटी लागते, आणि ती मानलीच पाहिजे.

अरण्यात वाट चुकली तर काय करावे? वनखात्याने जंगलाचे चौकोनी विभाग पाडून प्रत्येक चौफुलीवर हद्दीचे खुंट रोवले आहेत, आणि खुंटाच्या चारी अंगांस विभागांचे क्रमांक लिहिले आहेत. त्यांतले सर्वांत लहान असे दोन क्रमांक पाहावेत; त्या दोघांमधली जी धार, ती उत्तरेकडे असते. आमच्याकडील मोजणीखात्यास हेवा वाटावा इतकी ही सुटसुटीत व्यवस्था आहे. मोबाइलची बॅटरी संपली तरी खुंट जागचा हलत नाही.

क्निशिनच्या अरण्यातून पूर्वेस गेले की क्रुशिन्यानी हे तातारांचे खेडे येते. राजा यान सोबिएस्की याच्या फौजेतील तातार स्वारांचा पगार थकला, खजिन्यात नगद नव्हती, म्हणून 1679 साली त्याने थकबाकीपोटी त्यांना जमिनीची सनद करून दिली. पगाराऐवजी इनाम हा प्रकार मराठी दप्तरे चाळणाऱ्यास काही नवा नाही, आणि सनद देणारा व घेणारा या दोघांनी ती पाळली हे विशेष. आज तेथे हिरव्या रंगाची लाकडी मशीद आहे, शेजारी झाडीत दफनभूमी आहे, आणि पातळ लाट्यांचे थरावर थर गुंडाळून भाजलेला पिएरेकाचेव्हनिक नावाचा सारणाचा पदार्थ मिळतो, तो गरम असतानाच खावा. जवळच क्रिंकी गाव आहे. त्याच्या मध्यभागी षट्कोनी चौक, आणि त्यातून बारा रस्ते फुटतात. बारांपैकी कोणता धरावा याचा निर्णय करीत उभे असताना चाकावर अंगठा दाबून पाहावा. हो, मी पुन्हा तेथेच आलो. पण जे उठून गेले होते ते एव्हाना परत आले असतील. हवा कमी ठेवा.

ही खेडी बेलारूसच्या सीमेला लागून आहेत. 2022 सालापासून सीमेवर उंच पोलादी कुंपण उभे आहे, आणि त्यालगतच्या पट्ट्यात मनाईहुकूम निघतात, बदलतात, वाढतात. निघण्यापूर्वी चालू हुकूम पाहून घ्यावा. पहारेकऱ्यांनी थांबविले तर हुज्जत न घालता पारपत्र दाखवावे.

तेथून दक्षिणेस नारेव नदीच्या खोऱ्यात उतरले की त्शेश्च्यांका, पुख्वी, सोत्से अशी खेडी येतात, ज्यांच्या लाकडी घरांच्या खिडक्यांची दारे कोरीव व रंगविलेली असून एकीचा नमुना दुसरीसारखा नसतो. त्शेश्च्यांकाचे देऊळ हिरवे, पुख्वीचे निळे. विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी, बाकांवर बसलेल्या आजीबाई. त्यांना मान लववून नमस्कार केला की पाणी मागावे लागत नाही. या भागातील गोटेबंद वाटांवर अतिहवेच्या चाकाने जाऊन पाहावे, म्हणजे माझ्या बोलण्याचा प्रत्यय पार्श्वभागी येईल, अधिक काय सांगू?

पुढे हायनुवका, आणि मग ब्यावोव्येझाचे पुराणे अरण्य. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत तेथील झुब्र, म्हणजे युरोपीय बायसन, रानातून नाहीसे झाले. प्राणिसंग्रहांत उरलेल्या मोजक्या जनावरांपासून वंश वाढवून 1952 साली ते पुन्हा अरण्यात सोडण्यात आले, आणि आज त्यांचे कळप तेथे मोकळे फिरतात. वाटेत झुब्र दिसला तर सायकल थांबवावी, दूर राहावे, घंटी वाजवू नये.

कोणी विचारील, मराठी श्रोत्यांना या परक्या मातीचे एवढे अगत्य कशासाठी? कोल्हापूरजवळ वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, आणि त्यांतील पुष्कळजण तेव्हाच्या पूर्व पोलंडातून सोव्हिएत सत्तेने हद्दपार केलेले होते. पंचगंगेकाठी वाढलेल्या त्या मुलांच्या वाडवडिलांनी ज्या मुलखातील रस्ते तुडविले होते… पण हा विषय स्वतंत्र भाषणाचा आहे, आणि काचेपलीकडून निवेदक बोटे दाखवू लागले आहेत.

ब्येब्झाच्या दलदलीतून जाणारा जुना झारशाही रस्ता राहिला, तेथील एल्क राहिले, ग्राबार्काच्या टेकडीवर भाविकांनी रोवलेले हजारो क्रूसही राहिले. एक व्यावहारिक सूचना मात्र करतोच. पोलंडात 2018 सालच्या कायद्यानुसार बहुतेक रविवारी मोठी दुकाने बंद असतात. लहान दुकानाचा मालक स्वतः गल्ल्यावर बसला तर ते उघडे सापडते, पण पोडलाशेच्या खेड्यात त्याचा भरवसा धरू नये. पाव, चीज आणि पाणी शनिवारी संध्याकाळीच घेऊन ठेवा.