शेवटच्या शेतापर्यंत

तंजावर म्हटले की मराठी माणसाला व्यंकोजीराजे आठवतात, सरफोजीराजांचा सरस्वतीमहाल आठवतो, आणि बृहदीश्वराच्या मंदिरात कोरलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आठवतो. परंतु आज मी श्रोत्यांना राजवाड्याकडे नेणार नाही; कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, कालव्यांच्या काठी वसलेल्या खेड्यांकडे नेणार आहे. तेथील मुलगी विद्येच्या क्षेत्रात पोहोचते कशी आणि पोहोचल्यावर तेथे टिकते कशी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

या प्रदेशाची शेती समजून घेतली म्हणजे हा विषयही उलगडतो. मेट्टूरचे धरण १९३४ साली पुरे झाले. पाणी पुरेसे असेल त्या वर्षी १२ जूनला त्याचे दरवाजे उघडण्याचा प्रघात आहे. कल्लणैच्या प्राचीन बंधाऱ्यापाशी ते पाणी वाटले जाते आणि कालव्यांतून, उपकालव्यांतून, पाटांतून भातखाचरांकडे निघते. पण धरणाचे दार उघडले म्हणजे शेवटचे शेत भिजलेच, असे नव्हे. मधल्या पाटातील गाळ कोणी काढला नसेल, तर धरण भरलेले असूनही शेवटच्या शेतकऱ्याचे रोप करपते. विद्यापीठाचे दार उघडणे ही एक गोष्ट झाली. तेथपर्यंतचा पाट मोकळा ठेवणे ही दुसरी. या दुसऱ्या कामालाच हल्ली करिअर मार्गदर्शन असे नाव मिळाले आहे. नाव नवे असले तरी काम जुने आहे.

ते काम ज्यांनी उत्तम रीतीने करून दाखवले, त्या सिस्टर सुब्बलक्ष्मी यांचे घराणे याच प्रदेशातील ऋषियूर गावचे. त्यांचा जन्म १८८६ साली मद्रासला झाला. अकराव्या वर्षी विवाह आणि पाठोपाठ वैधव्य, ही त्या काळातील असंख्य मुलींची कहाणी त्यांच्याही वाट्याला आली. पण वडिलांनी त्यांचे शिक्षण थांबू दिले नाही. १९११ साली त्या मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून बी. ए. झाल्या. पुढल्याच वर्षी, १९१२ मध्ये, वडिलांच्या घरी चार बालविधवांना घेऊन त्यांनी वसतिगृह काढले. घराची व्यवस्था पाहण्यास त्यांची विधवा मावशी पाठीशी उभी राहिली. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला, हे आपणांस ठाऊकच आहे. दोन्ही ठिकाणी आरंभ उपदेशाने झाला नाही. निवाऱ्याने आणि दोन वेळच्या जेवणाने झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सुब्बलक्ष्मींची खरी दृष्टी पुढील पावलांत दिसते. सरकारचे साहाय्य मिळाल्यावर हे वसतिगृह मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावरील आइस हाउसमध्ये गेले. अमेरिकेहून जहाजाने येणारा बर्फ पूर्वी जेथे साठवीत, तीच ही इमारत. त्याच किनाऱ्यावर १९१४ साली मुलींचे क्वीन मेरी कॉलेज निघाले होते. १९२२ साली लेडी विलिंग्डन प्रशिक्षण महाविद्यालय निघाले आणि त्याची सूत्रे सुब्बलक्ष्मींकडे आली. राहण्याची जागा, शाळा, कॉलेज, अध्यापनाचे शिक्षण आणि अखेर शिक्षिकेची नोकरी, अशी ही अखंड साखळी होती. घरातून आलेल्या मुलीला प्रत्येक पायरीवर पुढची पायरी दिसत असे. सरकारी वसतिगृहात अठरा वर्षांवरील स्त्रियांना प्रवेश मिळेना, तेव्हा त्यांच्यासाठी १९२७ साली शारदा विद्यालय काढण्यात आले. वय उलटले म्हणून वाट संपली, हे त्यांनी मान्य केले नाही.

या कार्याला एक मर्यादा होती, तीही सांगितली पाहिजे. ते वसतिगृह ब्राह्मण विधवांसाठी होते. ज्या स्त्रिया कावेरीच्या चिखलात वाकून भाताची लावणी करीत, त्यांच्या मुलींपर्यंत तो पाट पोहोचला नव्हता. म्हणूनच मायिलाडुतुरैजवळच्या मूवलूर गावाचे नाव मला येथे महत्त्वाचे वाटते. देवदासी प्रथेविरुद्ध झुंजलेल्या मूवलूर रामामिर्तम अम्मैयार यांच्या नावे तमिळनाडू शासनाने २०२२ साली एक योजना सुरू केली. सहावीपासून बारावीपर्यंत सरकारी शाळेत शिकलेली मुलगी पुढे महाविद्यालयात गेली, तर तिच्या खात्यात दरमहा एक हजार रुपये जमा होऊ लागले. येथे जात विचारलेली नाही; शाळा विचारली आहे.

आता विद्यापीठही दूर राहिलेले नाही. तंजावरला १९८१ साली तमिळ विद्यापीठ स्थापन झाले, आणि २००९ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठ तिरुवारूरजवळच्या नीलक्कुडीला, भातशेतांच्या मधोमध उभे आहे. पण पदवी आणि प्राध्यापकपद यांच्यामध्ये संशोधनाची कित्येक वर्षे असतात, आणि नेमकी तीच वर्षे लग्नाची व बाळंतपणाची. गाळ साचतो तो येथे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच. डी. करणाऱ्या स्त्रीला संपूर्ण अभ्यासक्रमात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती अथवा बालसंगोपनाची रजा मिळू शकते. प्रबंधाची मुदतही दोन वर्षे वाढवून मिळू शकते. संसारामुळे संशोधन सुटलेल्या स्त्रियांना परत येता यावे, म्हणून केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने या शतकाच्या आरंभी स्वतंत्र योजना काढल्या. नियम आहेत, परंतु नियम स्वतः चालत कोणाच्या घरी जात नाही. ज्या मुलीच्या घरात पूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, तिला तो सांगणार कोण?

मार्गदर्शन ते हेच. अर्जाची तारीख उलटण्यापूर्वी ती सांगणे, शिष्यवृत्तीचा कागद समोर बसवून भरून घेणे, वसतिगृहात जागा पाहून देणे, प्रसंगी तिच्या वडिलांशी किंवा सासूबाईंशी दोन शब्द बोलणे, आणि दोन वर्षांच्या खंडानंतर ती परत आली तर तिचे टिपण अजून आपल्या कपाटात ठेवलेले असणे. यास मोठा निधी लागत नाही. एक जाणते माणूस लागते. हे भाषण ऐकणाऱ्यांत अनेक प्राध्यापक व शिक्षिका असतील. आपापल्या वर्गातील शेवटच्या बाकावरच्या एका मुलीची चौकशी त्यांनी या सत्रात करावी, एवढीच माझी विनंती आहे.